पाटी इंदापूरची

पहाटे ४.१५

गजर वाजायच्या आधी जाग येते, ही वाहकाच्या नोकरीने लावलेली सवय. आज उठलो तर पुढच्या खोलीत दिवा चालू होता. लेक कॉटवर मांडी घालून बसली होती, मांडीवर पुस्तक उपडं. ती बारामतीत कॉलेजला आहे, इंग्रजी विषय घेतलाय. रात्री मैत्रिणीकडून आणलेली एक जुनी अमेरिकन मालिका बघत बसली होती. डोळे लाल. मला वाटलं जागरणाने झाले असतील.

"झोपली नाहीस?"

"बाबा, त्यांनी त्याचं नावच उलटं केलं."

चहाचं आधण ठेवता ठेवता मी ऐकत राहिलो. उर्सुला ले ग्विन नावाची अमेरिकन लेखिका. तिने १९६८ साली 'अर्थसी' या बेटांच्या जगावरची पहिली कादंबरी लिहिली. त्या जगात दगडापासून माणसापर्यंत सगळ्यांना एक खरं नाव असतं, आणि खरं नाव ज्याला कळलं त्याच्या हातात ती वस्तू, तो माणूस येतो. सगळी जादू या एका नियमावर उभी आहे. नायकाला गावात सगळे स्पॅरोहॉक म्हणतात, म्हणजे एका शिकारी पक्ष्याचं नाव. तेराव्या वर्षी तो थंडगार झऱ्याच्या पाण्यातून चालत पलीकडे जातो आणि तिथे ओजियन नावाचा जादूगार त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगतो: गेड. ते नाव कुणाला सांगायचं नाही. ज्याच्या हाती जीव द्यावा, त्यालाच सांगायचं.

२००४ साली या कादंबऱ्यांवर मालिका आली. तिच्यात सगळे त्याला उघडपणे गेड म्हणतात आणि पक्ष्याचं नाव हे गुपित.

"एवढ्याने काय बिघडलं?" मी विचारलं.

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न मागे घ्यावासा वाटला. "बाबा, गेडच्या हातून मोठी चूक होते. सगळे त्याला टाळतात. तेव्हा त्याचा मित्र निरोप घेताना स्वतःचं खरं नाव त्याला सांगतो. बाकी काही करत नाही, फक्त नाव सांगतो. ते वाचताना मी रडले होते. ज्यांनी नावांची अदलाबदल केली, त्यांना हे पान समजलंच नाही ना?"

आणखी एक गोष्ट तिला लागली होती. पुस्तकातला गेड तांबूस सावळा आहे. त्या बेटांवरची बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत, ते लेखिकेने विचार करून ठरवलेलं. मालिकेत नायक गोरा. मालिका करताना लेखिकेला विचारात घेतलं नव्हतं. ती तेव्हा पंचाहत्तर वर्षांची होती आणि तिने जाहीर लेख लिहून याचा निषेध केला. "मला वाटायचं, हा आपल्यासारखा दिसतो," लेक म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

मला तिच्या बारशाची आठवण झाली. माझ्या बहिणीने पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आधी तिच्या कानात, मग सगळ्यांना. ते नाव बदलून कुणी तिला भलत्याच नावाने जगासमोर उभं केलं, तर मला कसं वाटेल? चहा न पिता मी डबा घेतला.

पहाटे ५.१०

आगारात तिकीट मशीन, वे-बिल, सुट्ट्या पैशांची थैली ताब्यात घेतली. मशीनचं चार्जिंग पाहिलं, एक कोरं तिकीट काढून कागद नीट सरकतोय ना ते बघितलं. चालक आधीच गाडीभोवती फिरून टायर ठोकून बघत होते. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला मास्तर.

मग पाटी. आमच्या या गाडीला अजून लोखंडी पाटी आहे. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, कोपऱ्यातला रंग उडून गंज दिसतो. रोज ती मी स्वतः खोबणीत सरकवतो. वर 'इंदापूर', खाली बारीक अक्षरात 'भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी'. नवीन लागलो तेव्हा एका जुन्या वाहकाने सांगितलेलं अजून लक्षात आहे: गाडी उशिरा जाईल, बंद पडेल, लोक रागावतील आणि विसरतील, पण पाटी चुकली तर कुणी माफ करत नाही. अंधारात उभी असलेली म्हातारी ती पाटी बघून गाडीत चढते. तिने तुमच्यावर नाही, त्या अक्षरांवर विश्वास टाकलेला असतो.

आज पाटी सरकवताना लेकीचा राग मला नीट उमगला.

सकाळी ५.४५

डबल बेल दिली. पहिल्या फेरीला कारखान्याचे कामगार, इंदापूरच्या बाजाराला निघालेल्या बाया, दोन-तीन कॉलेजची पोरं. पिंपळी, लिमटेक, काटेवाडी. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. त्यामुळे पहाटेच्या गाडीलाही आता लुगड्यांची आणि साड्यांची गर्दी असते. सणसर येईपर्यंत सगळी तिकिटं झाली. मी दाराजवळच्या माझ्या सीटवर बसलो.

माझी स्वतःची जखम तीस वर्षांपूर्वीची आहे. ती 'चंद्रकांता'ची.

१९९४ साल. आमच्या वस्तीवर एकच टीव्ही होता, गुरुजींच्या घरी. रविवारी सकाळी दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची 'चंद्रकांता' लागायची. आम्ही पोरं अंघोळी उरकून गुरुजींच्या ओसरीवर जाऊन बसायचो. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह 'यक्कू' म्हणाला की पुढचा आठवडाभर शाळेत यक्कूशिवाय दुसरी भाषा नसायची. इरफान खानचा बद्रीनाथ मला फार आवडायचा. १९९६ पर्यंत ती मालिका चालली आणि त्या दोन वर्षांत आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक विहिरीखाली तिलिस्म आहे असं आम्हाला वाटू लागलं होतं. हे आधी कबूल करतो, कारण त्या मालिकेचं माझ्यावर ऋण आहे. तिच्यामुळेच मी पुस्तकापर्यंत पोचलो.

पुस्तक मिळालं ते नोकरीला लागल्यावर. पुण्याला गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' दिसली. हिंदी शाळेत झालेलं, त्यामुळे अडलं नाही. पहिली आवृत्ती १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून त्या काळी कितीतरी लोक हिंदी शिकले, असं हिंदीच्या इतिहासात लिहितात. खत्रींनी काशीजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांची कंत्राटं घेतली होती. त्या रानात, पडक्या गढ्या-किल्ल्यांतून ते हिंडले आणि तिथून ही गोष्ट आली.

वाचत गेलो तसा मी थक्क झालो. या पुस्तकात जादू नाही!

ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा चतुर हेर. तो वेष बदलतो, पण मंत्र म्हणून नाही. तो बटव्यातून रंग काढतो, तोंडाला फासतो, आवाज बदलतो. संशय आला की गरम पाण्याने तोंड धुवायला लावतात आणि खरा चेहरा निघतो. शत्रूला बेशुद्ध करायला बेहोशीची बुकणी, शुद्धीवर आणायला नाकाशी लखलखा. तिलिस्म म्हणजे कळसूत्रं, साखळ्या, दगड, गुप्त दारं, कारागिरांनी विचारपूर्वक बांधलेली यंत्रणा. ते तोडायचं तर डोकं चालवावं लागतं, लिहून ठेवलेलं वाचून समजून घ्यावं लागतं. ऐयारांचा आपसात एक रिवाज आहे: पकडलेल्या ऐयाराला जिवे मारायचं नाही, कैदेत ठेवायचं. खत्री सुरुवातीलाच सांगतात की राजे ऐयार बाळगत ते यासाठीच, की चातुर्याने काम व्हावं आणि रक्त सांडू नये.

आणि मी लहानपणी पाहिलं होतं काय? मालिका पुढे पुढे गेली तशी तिच्यात उघड जादू आली, पुस्तकात नाव नसलेली माणसं आली, चमत्कारावर चमत्कार आले. 'यक्कू'सुद्धा पुस्तकात कुठे नाही, पण त्याची मला तक्रार नाही. तो क्रूरसिंहाच्या तोंडी शोभला. तक्रार आहे ती यंत्राच्या जागी जादू आणण्याची. जिथे माणूस बुद्धीने दार उघडतो, तिथे मंत्राने दार उघडलं की माणूस लहान होतो. खत्रींनी अख्खी कादंबरी लिहिली ती माणसाच्या अक्कलहुशारीचं कौतुक करायला. तेच काढून टाकलं आणि वर पाटी 'चंद्रकांता'चीच ठेवली.

सकाळी ७.२०

इंदापूर. गाडी फलाटाला लावली, नियंत्रकाकडे नोंद केली. अर्धा तास आहे. स्टँडबाहेर चहा घेताना पहाटेपासून मनात घोळत असलेला प्रश्न पुन्हा आला: ऐतिहासिक मालिकेत चूक झाली तर माझा इतका जीव जळत नाही, मग इथे का?

उत्तर याच गावात आहे. इंदापुरात मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे आजोबा, लढताना पडले. त्यांची गढी इथे आहे. उद्या कुणी मालिकेत मालोजीराजांना भलतीकडेच दाखवलं, तर इंदापूरचं शाळकरी पोरही बोट दाखवून सांगेल, ती बघा गढी. जमीन साक्षीला उभी आहे. बखरी आहेत, कागद आहेत. चूक करणारा उघडा पडतो.

अद्भुत कथेला अशी जमीन नसते. 'चंद्रकांता'तल्या तिलिस्माचं दार कुठल्या डोंगरात जाऊन दाखवणार? गेडचा थंड झरा कुठल्या नकाशात सापडणार? त्या जगाची सगळी माती, सगळं पाणी पुस्तकाच्या पानांत आहे, बाहेर कुठेही नाही. म्हणून तिथला नियम मोडला की पायाखालचं सगळंच जातं. लोक म्हणतात, "अहो, कल्पनाच ती, थोडी बदलली तर काय झालं?" नेमकं उलट आहे. कल्पना आहे म्हणूनच जपून हात लावायचा. खऱ्या जगाला आधार आहे, तिला शब्दांशिवाय काही नाही.

आणि ज्याने मालिकाच पाहिली, त्याला आपण काय गमावलं हे कळतही नाही. मला बारा-चौदा वर्षं कळलं नव्हतं.

सकाळी ७.५०

परतीची फेरी. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या करंड्या चढल्या. ओल्या गोणपाटाचा आणि पानांचा वास गाडीभर पसरला. करंडीवाल्याच्या मागे एक म्हातारेबुवा चढले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. पंचाहत्तरीच्या पुढचे. आधार कार्ड दाखवून माझ्या शेजारीच बसले. माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "पोथी आहे का, मास्तर?"

"पोथी नाही बुवा, गोष्टीचं पुस्तक." आणि मग का कोण जाणे, मी त्यांना पहाटेचा सगळा प्रकार सांगितला. नाव, झरा, लेकीचं रडणं.

बुवा शांतपणे ऐकत होते. अंथुर्णे मागे पडल्यावर म्हणाले, "नाथांनी याचा निवाडा कधीच करून ठेवलाय."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला थोडंफार माहीत होतं, पण या अंगाने मी त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवर नकला होत गेल्या. कुणी शब्द बदलले, कुणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथ महाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. एवढा मोठा कवी, भागवत लिहिणारा, पण ज्ञानेश्वरीत त्यांनी स्वतःची भर घातली नाही. आणि शेवटी बजावून ठेवलं: यात जो कुणी आपली ओवी घुसवील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा.

"नरोटी वाईट नसती," बुवा म्हणाले. "करवंटी हाय ती. चुलीत घाला, भांडं घासा. पण अमृताच्या ताटात कशाला?"

भवानीनगरला ते उतरले. पायरीवरून वळून म्हणाले, "पोरीला सांगा, तिचा राग बरोबर हाय."

सकाळी ९.३०

बारामती. तासभर मोकळा. डबा खाऊन कऱ्हेच्या बाजूला फिरून आलो. नदीकाठी बाबूजी नाइकांचा वाडा. याच नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत पन्हाळ्याहून आले आणि १७९४ साली मरेपर्यंत बारामतीचेच होऊन राहिले.

बुवांच्या बोलण्याने समाधान झालं होतं, तरी एक शंका टोचत होती. गोष्टीत काहीच बदलायचं नाही का? मग ज्ञानेश्वरी तरी काय आहे? सातशे श्लोकांच्या नऊ हजारांवर ओव्या झाल्या. आणि आपले मोरोपंत? त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली अशी त्यांची ख्याती. एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी नवा खेळ. एकात 'श्रीराम जय राम जय जय राम' हा मंत्र अक्षराअक्षराने गुंफलेला. एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं.

नदीच्या कठड्याला टेकून मी ते करून पाहिलं. ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म उच्चारता येत नाहीत. 'बारामती' म्हणा, ओठ दोनदा मिटतात. 'इंदापूर' म्हणा, 'पू'ला मिटतात. 'तिकीट' मात्र ओठ उघडे ठेवून सरळ जातं. असं पुटपुटत असताना एकदम लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. 'राम' म्हणताना ओठ मिटतात! म्हणजे निरोष्ठ रामायणात 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही.

रामायण लिहायचं आणि रामाचं नाव घ्यायचं नाही. तरी ते रामायणच राहतं, कारण वनवास आहे, दिलेला शब्द आहे, तो शब्द पाळणारा मुलगा आहे. नाव सोडलं, पण गोष्ट सोडली नाही.

आणि आमच्या 'चंद्रकांता'च्या नशिबी काय आलं? २०१७ साली तर दोन वाहिन्यांवर दोन नव्या 'चंद्रकांता' एकाच वर्षी आल्या. मी दोन्ही थोड्या थोड्या पाहिल्या. नाव तेवढं होतं. मोरोपंतांनी नाव टाकून गोष्ट राखली, यांनी नाव राखून गोष्ट टाकली. या एका फरकात माझ्या सगळ्या शंकांचं उत्तर होतं. बदल किती केला हे मोजायचंच नाही. जे टाकलं ते काय होतं, एवढं बघायचं.

सकाळी १०.३०

दुसरी फेरी. ऊन चढलं. गाडी भरून वाहत होती, त्यात एका बाईच्या पिशवीतली कोंबडी सुटली. तिला पकडेपर्यंत काटेवाडी आली. हिशोबात डोकं घालून तासभर गेला.

बेलवाडीला रिंगणाचं मैदान दिसलं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते. काटेवाडीत पालखीला धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, मग बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवसांत हा रस्ता टप्प्याटप्प्याने बंद होतो आणि आम्ही गाड्या भिगवणमार्गे नेतो. प्रवासी कुरकुर करत नाहीत. मी चढतानाच सांगतो: "पालखी आहे, गाडी भिगवणवरून जाणार, इंदापूरलाच पोचणार. मधल्या गावच्या लोकांनी बसू नये." रस्ता बदलतो, वेळ बदलते, मधली गावं गळतात. पाटी मात्र खोटी ठरत नाही.

मालिकावाल्यांकडे माझी एवढीच मागणी आहे. सहाशे पानांचं पुस्तक आठ-दहा भागांत आणायचं तर गावं गळणार. दोन पात्रांचं एक होईल, लढाई दाखवायला पैसे नसतील तर ती पडद्यामागे होईल. पालखी आहे, समजून घेऊ. पण इंदापूरची पाटी लावून फलटणला नेऊन सोडलंत, आणि वर म्हणालात की फलटणही चांगलं गाव आहे, तर उतारू काय म्हणतील? फलटण चांगलं आहेच. आम्हाला तिथे जायचं नव्हतं.

दुपारी १२.४०

परतीला गर्दी कमी. भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या फाटकासमोर गाडी थांबली, तेव्हा मामांनी मागे वळून विचारलं, "मास्तर, सकाळपासून कसल्या विचारात आहात?" त्यांनाही सगळं सांगितलं.

मामा पुस्तकं वाचत नाहीत, मालिका सगळ्या बघतात. ते म्हणाले, "या कारखान्यात ऊस जातो आणि साखर बाहेर येते. 'माझा ऊस जसाच्या तसा परत द्या' असं कुणी शेतकरी म्हणतो का? पुस्तक म्हणजे ऊस. टीव्हीवर आणायचं तर गाळावंच लागणार."

मला हे पटलं आणि मी तसं म्हणालोही. मामांचा मुद्दा वजनदार आहे. पुस्तकात माणूस मनातल्या मनात दहा पानं विचार करतो, पडद्यावर ते दिसत नाही. गाळल्याशिवाय, उकळल्याशिवाय गत्यंतर नाही. चोथा बाजूला काढायलाच हवा.

"पण मामा," मी म्हणालो, "साखर त्या उसाच्या रसाचीच हवी ना? रस ओतून दिला, चोथा ठेवला, गोडी बाहेरून आणून मिसळली आणि पोत्यावर छाप मारला आपल्या कारखान्याचा, तर?"

मामांनी गिअर टाकला. काटेवाडी मागे पडली. मग ते म्हणाले, "तर छाप बदलायचा. साखर विकू दे, पण दुसऱ्या नावाने."

वाचक आणि न वाचणारा, दोघंही एकाच जागी येऊन पोचले होते.

दुपारी २.३०

कॅश भरली. वे-बिलाशी तिकिटं जुळली, दोन रुपये जास्त निघाले, तेही भरले. मशीन परत केलं. पाटी काढून कपाटामागे उभी केली.

दुपारी ४.००

घरी जाताना वाचनालयात डोकावलो. काउंटरवर एक तरुण मुलगा 'तुंबाडचे खोत' परत करत होता. श्री. ना. पेंडशांची ती कोकणातल्या एका घराण्याची मोठी कादंबरी. त्याने 'तुंबाड' हा सिनेमा पाहून ती नेली होती आणि त्याला तिच्यात सिनेमातला हस्तर हा राक्षस सापडला नव्हता. ग्रंथपाल बाईंनी त्याला समजावलं की सिनेमाने नाव तेवढं तिथून घेतलं. सिनेमातल्या आजीची भीती नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतून आली आहे, ती वाच. तो मुलगा हिरमुसला नाही. त्याने धारपांचं पुस्तक मागितलं आणि जाताना म्हणाला, "पण खोतांची गोष्ट पण भारी होती, मी पूर्ण वाचली."

मला त्याचं फार बरं वाटलं. सिनेमा २०१८ चा, त्याने एका मुलाला दोन लेखकांपर्यंत नेलं. त्या सिनेमाने आपण 'तुंबाडचे खोत' दाखवतोय असा दावा केला नव्हता. नाव घेतलं, स्वतःची गोष्ट सांगितली आणि आपल्याच पाटीने चालला. मग तिथे कुणाचा विश्वासघात होत नाही.

रात्री ८.३०

जेवणं झाली. लेक भांडी आवरून माझ्याजवळ येऊन बसली. पहाटेचा राग उतरला होता, दुःख राहिलं होतं. मी तिला दिवसभराचं सगळं सांगितलं: बुवांची नरोटी, मोरोपंतांचं नाव न घेता लिहिलेलं रामायण, मामांची साखर. निरोष्ठ रामायणाचं ऐकून तिने लगेच ओठांवर बोट ठेवून 'गेड' म्हणून पाहिलं. ओठ मिटले नाहीत. मग 'आजी', 'झरा', 'नदी'. ती हसली, आज पहिल्यांदा.

मग तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला 'चंद्रकांता'चा राग अजून येतो?"

खरं सांगायचं तर येतो. यायलाही हवा. ज्याला राग येत नाही त्याने पुस्तक मनापासून वाचलेलं नसतं. लोक या रागाला पोरकटपणा म्हणतात, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" म्हणतात. पण हा राग निष्ठेचा आहे. कुणीतरी काशीत बसून, कुणीतरी सातासमुद्रापार बसून शब्दांनी एक जग उभं केलं, त्याचे नियम जिवापाड पाळले. त्या नियमांची राखण करणारं वाचकाशिवाय दुसरं कुणी नाही. नाथांनी पोथी राखली. आपण निदान आठवण तरी राखू.

तिने तिचं पुस्तक उघडलं आणि झऱ्याचं पान मला मराठीत सांगायला लागली, अडखळत, शब्द शोधत. थंड पाणी, पलीकडे उभा असलेला गुरू, कानात सांगितलेलं नाव. तिने सगळे शब्द बदलले होते. गोष्ट तीच होती.

तुमच्या घरात एखादं मूल अशी मालिका बघून हरखलं असेल, तर त्याला रागावू नका आणि मालिका बंदही करू नका. ती संपली की मूळ पुस्तक त्याच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. आणि मालिका करणाऱ्यांना हात जोडून एकच सांगणं: रस्ता हवा तो घ्या, पण पाटीवर जे गाव लिहिलंय तिथे आम्हाला पोचवा. पोचवायचं नसेल, तर पाटी बदला.

उद्या पहाटे पुन्हा ५.४५ ची गाडी आहे.